तीन नंबरची विहीर

माझी लेक सुमन राहते त्या घराच्या खिडकीतून मेट्रोचं स्टेशन दिसतं. रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर पूल, पुलावर स्टेशन, आणि स्टेशनाच्या पोटाखाली भाजीवाले, रिक्षा, मोबाइलची दुकानं, चायनीजच्या गाड्या. पावसाची सर आली की शंभर माणसं त्या पोटाखाली जाऊन कोरडी उभी राहतात. मी राहत नाही. मी भिजत पलीकडं जातो. नातू म्हणतो, आजोबा, खांबाजवळून चला ना. मी म्हणतो, तू जा. जावई म्हणतो, त्यांना चक्कर येत असेल. चक्कर-बिक्कर काही येत नाही, माझी तब्येत जावयापेक्षा बरी आहे. पण त्या खांबांवर रंगानं नंबर टाकलेत, आणि नंबर टाकलेला खांब बघितला की माझ्या मनात एकच प्रश्न येतो, जो मी आजवर कुणाला बोललेलो नाही. तो असा, की ह्याच्यात कोण आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत मास्तरनं दुसऱ्याच्या खोडीपायी मला वर्गाबाहेर उभा केला. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग वाटलं, बाहेरच उभं राहायचं तर आपल्या घराबाहेर का नको, आणि चालत घरी आलो. मास्तर दोनदा बोलवायला आला. माझं चुकलं एवढं तो म्हणाला असता तर गेलो असतो. तो म्हणाला नाही, मी गेलो नाही. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासू नये. जावई म्हणाला, तुम्ही बोला, मी टाइप करतो. पण हे जावयासमोर बसून तोंडानं सांगण्यासारखं नाही. म्हणून वही आणली.

आमचं गाव पेण आणि नागोठण्याच्या मधे, हमरस्त्यापासून आत. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. घर म्हणजे पुढं ओटी, मधे एक खोली, मागं चूल. माझा बापूस दिवसभरात वीस शब्द बोलायचा, त्यातले दहा बैलाशी. राहिलेलं सगळं बोलणं माझी आईस बोलायची. चुलीशी बसून ती भाकरी थापायची आणि त्या थापण्याच्या तालावर बोलत राहायची, थाप पडली की शब्द, थाप पडली की शब्द. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकट आणि कांदा. थंडीत शेंगा भरल्या की शेतातच मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भाजायची, पोपटी लावायची. त्या पाल्याचा वास अजून कुठं आला की मला आईसचा आवाज ऐकू येतो. मोठा भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो शिमग्याला आणि गणपतीला यायचा. बाकी वर्षभर घरात आम्ही तिघं.

गावाच्या खालच्या अंगाला नदी. ती पुढं जाऊन खाडीला मिळते, त्यामुळं भरतीचं खारं पाणी उलटं चढत आमच्या शेतांपर्यंत यायचं. ते अडवायला मातीचा लांब बांध होता. बांध फुटून भगदाड पडलं की त्याला आमच्याकडं खांड पडली म्हणतात. खांड पडली की गावातल्या प्रत्येक घरानं माणूस पाठवायचा, मग घरात लग्न असो नाहीतर मयत असो. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं शेत नुसतं पांढरं पडून राहतं.

ह्या बांधावर एक जागा होती, तिला गणाची खांड म्हणायचे. माझ्या आज्याच्याही आधी तिथं एकदा खांड पडली आणि काही केल्या बुजेना. माती टाकली, वाहून गेली. दगड टाकले, वाहून गेले. आईस सांगायची, “मंग माणूस टाकला. गणा नावाचा व्हता. तवा कुठं बांध बसला.” नारळी पौर्णिमेला अख्खा गाव तिथं नारळ आणि भाताचा मुटका ठेवायचा. बापूस म्हणायचा, टाकला-बिकला काही नाही, गणा बुजवताना पाय घसरून बुडाला. पण बापसाचं बोलणं इतकं थोडं, की ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. गावाच्या तोंडात आईसचीच भाषा होती. माणूस टाकला, बांध बसला. हे शब्द मी दूध पीत होतो तेव्हापासून ऐकलेले.

मग रेल्वे आली. म्हणजे आधी चुना फासलेले दगड आले, मग दुर्बिणीतून बघणारे साहेब आले, मग मुरमाचे ट्रक. आमची जमीन सखल, पावसात सगळी पाण्याखाली, म्हणून रेल्वेनं ठरवलं की रूळ उंचावरून न्यायचे आणि स्टेशनही उंचावरच बांधायचं. दिवसभर ट्रक मुरूम ओतायचे, रोलर त्यावरून फिरायचा. भराव आधी आमच्या कंबरेएवढा झाला, मग डोक्याएवढा, मग छपरांच्या वर गेला. गावाच्या पश्चिमेला तो असा उभा राहिला की आमचा सूर्य लवकर मावळायला लागला. कोंबड्या गोंधळल्या, उजेड असतानाच खुराड्यात शिरायला लागल्या. आईस शेजारणीला बोलली, “अर्धी घटका दिवस चोरला गो ह्यांनी. आता काय काय नेतील बघ.” आम्ही कधी मान वर करून गावात काही बघितलं नव्हतं. देऊळसुद्धा बुटकं. आता रोज मान वर करून बघावं लागायचं, आणि वरून लोक आमच्या परसात, चुलीपर्यंत बघायचे.

स्टेशनाच्या रोह्याकडच्या टोकाला नदीवर पूल होता. नदीच्या पात्रात चिखल इतका खोल, की साधा पाया टिकत नव्हता. म्हणून विहिरी. ही काही पाणी प्यायची विहीर नव्हे. काँक्रीटची मोठी गोल नळी उभी करायची, तिच्या खालच्या कडेला पोलादी धार. आतला चिखल विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, बादलीनं उपसत राहायचं, म्हणजे नळी आपल्या वजनानं खाली खाली जाते. खडकाला टेकली की आत काँक्रीट भरायचं आणि वर खांब चढवायचा. नळी खाली गेली की मजूर म्हणायचे, विहीर बसली. अशा पाच विहिरी, प्रत्येकीवर तांबड्या रंगानं नंबर. बादली चिखलात पडली की धप्प असा आवाज व्हायचा, तो आमच्या ओटीवर ऐकू यायचा, आणि प्रत्येक धप्पला आईस थापती भाकरी तशीच धरून थांबायची. गावात बोलणं सुरू झालं होतं. एवढा मोठा पूल. साध्या मातीच्या बांधाला एक लागला. ह्याला किती लागतील.

मी तेव्हा अठरा वर्षांचा. मी बोललो, ह्या सगळ्या बायकांच्या गप्पा, आणि पुलाच्या कामावर जाऊन नाव लावलं. खरं सांगायचं तर त्या गप्पांनी मीही भ्यालो होतो, म्हणूनच गेलो. मी भितो असं कुणाला वाटायच्या आत तिथं पोचायचं होतं.

कामावर माझा सोबती हिरू वाघमारे. नदीपलीकडच्या कातकरीवाडीचा, माझ्याच वयाचा. आम्ही लहानपणापासून चिखलात एकत्र खेकडे धरलेले. दोघंही काठीसारखे बारीक, पण त्याचा हात माझ्यापेक्षा चलाख आणि जीभ हातापेक्षा. आमच्या घरी आला तर तो ओटीच्या खाली बसायचा, आईस त्याला भाकरी वरून हातावर टाकायची. तेव्हा त्यात मला काही वाटायचं नाही. आता हे लिहिताना वाटतं, तेव्हा वाटलं असं खोटं लिहीत नाही. भाकरी हातात पडली की हिरू म्हणायचा, “आये, जरा खालून टाक, वरून पडली की तुकडा उडतो.” आईस हसायची, पण टाकायची वरूनच.

मुकादम आप्पा म्हणून होता, सोलापूरकडचा, जाड, घसा बसलेला. कामावरची त्याची भाषाच अशी होती की, गाडीवर दोन माणसं टाक, पंपावर एक माणूस टाक. ते मी दिवसभर ऐकायचो आणि त्याचं मला काही वाटायचं नाही. गाडी ती गाडी, पंप तो पंप. विहिरीबद्दल त्यानं कधी तसं म्हटलं नव्हतं.

एक नंबर बसली, दोन नंबर बसली. तीन नंबर अडली. ही नेमकी जुन्या बांधाच्या रेघेत येत होती, गणाच्या खांडीपासून हाकेच्या अंतरावर. बादली उपसून उपसून आत मोठा खड्डा झाला, वरून वाळूची पोती रचून वजन दिलं, तरी विहीर बोटभर हलेना. चार दिवस झाले, सहा झाले. आठव्या दिवशी आप्पानं नारळ फोडला, आणि नारळानं झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कोंबडा कापला. कोंबड्याचं रक्त विहिरीच्या काठावरून आतल्या बाजूला ओघळलं आणि काँक्रीटवर वाळून काळं झालं. त्या डागाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि दिवसभर तिकडंच बघत होतो.

दुपारी मी सिमेंटच्या गोणींच्या आड सावलीला बसलो होतो. पलीकडून आप्पा आणि इंजिनियर साहेब आले. साहेब विचारत होते, आता काय करायचं. आप्पा बोलला, “कोंबड्यानं काय व्हतंय साहेब. माणूस टाकल्याबिगर न्हाई बसायची ही.”

साहेबांनी विहिरीकडं बघितलं. मग म्हणाले, “आहे कोणी?”

“हितलाच टाकू. चिखल जाणणारा पायजे, अंगानं बारीक. त्यो दामू हाय की. उंद्या सकाळी टाकतो.”

दामू म्हणजे मी.

माणसं म्हणतात भीतीनं पाय थरथरतात. माझे काही थरथरले नाहीत. मला पायच नव्हते. गोणींना पाठ लावून मी बसलो होतो आणि कमरेच्या खाली काही आहे असं वाटत नव्हतं. आईसची भाषा आणि आप्पाची भाषा, दोन्ही एकाच शब्दात येऊन भेटल्या होत्या. टाकला, बसला. दुसरा काही अर्थ असेल असं माझ्या डोक्यात एक क्षणही आलं नाही. आज कुणी हसेल. हसावं. पण गणाच्या खांडीला दरवर्षी भात ठेवलेल्या माणसानं हसून दाखवावं.

पुढं जे झालं त्यानं उरलीसुरली शंका गेली. दिवस भरावाआड जाताना आप्पा स्वतः आमच्या घरी आला. मुकादम कुणाच्या घरी जात नसे. ओटीवर बसला, बशीत ओतून चहा प्याला, आणि बापसाला विचारलं, “पोरं किती तुमाला?”

बापूस बोलला, “दोन. मोठा गिरणीत हाय.”

“मंग हरकत न्हाई,” आप्पा बोलला. “एकुलता एक असला तर मी न्हाई घेत. उंद्या ह्याला जरा वेगळ्या कामावर घेतो. रोज दुप्पट लावतो.” मग माझ्याकडं वळून बोलला, “सकाळी आंघोळ करून ये. पोटात काय घालू नको. उपाशीच ये.”

बापसानं मान हलवली. आत चुलीशी भाकरीची थाप थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही.

आप्पा गेल्यावर आईस बाहेर आली. तिचे हात पिठानं पांढरे. ती मला बोलली, “दाम्या, मामाकडं जा. आत्ताच्या आत्ता गागोद्याला जा.” मी म्हटलं, कशाला. ती बोलली, “पोट दुखतंय म्हणून सांगू आमी.” मी म्हटलं, “मी काय भ्यालो नाय.” बापसानं दोघांकडं बघितलं आणि विचारलं, “झालं काय?” त्याला कुणीच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो वीस शब्दांतल्या पाच शब्दांत सगळं निस्तरून मोकळा झाला असता. पण मी भ्यालोय हे बापसासमोर उघडं करायला मी तयार नव्हतो, आणि आईस माझ्याकडं बघून गप्प राहिली. ह्या अभिमानाबद्दल मला पुढं लोकांनी शाबासकी दिलेली आहे. त्या दिवशी त्यानं काय केलं ते कुणाला माहीत नाही.

सकाळी आंघोळ केली. काही खाल्लं नाही, खाल्लं असतं तरी राहिलं नसतं. आईसनं कपाळाला अंगारा लावला, आणि बोट कितीतरी वेळ कपाळावरच धरून ठेवलं. घरातून निघालो आणि नदीच्या उताराशी आलो. तिथून वाट फुटते, एक भरावावर चढते, एक पुलाकडं जाते. समोरून हिरू येत होता, कोयता कमरेला अडकवलेला, तोंडात दातण.

मी घरातून निघताना असं काही ठरवलं नव्हतं. हे मी देवासमोरही सांगेन. पण तो समोर दिसला आणि माझं तोंड आपोआप बोललं, “हिऱ्या, मुकादमानं तुला बोलावलंय. तीन नंबरवर.”

“मना बोलावलाय?” तो बोलला. “नाव घेऊन?”

“व्हय. माझं पोट दुखतंय, मी जरा वर जाऊन बसतो. आणि काय खाऊन जाऊ नको, उपाशी ये बोललाय.”

हिरू हसला. “आमाला काय येगळं सांगायला लागतं?” बोलला. मग त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं, ओल्या केसांकडं बघितलं, आणि दातण काढून फेकून दिलं. कोयता सोडला आणि माझ्या हातात दिला. “हा धर. वाडीवर नेऊन दे, नायतर तुझ्याकडंच ठेव.” कातकरी माणूस शौचाला जातानाही कोयता ठेवून जात नाही. मी तो घेतला. मूठ त्याच्या कमरेची ऊब धरून होती. तो पुलाकडं गेला, मी भरावावर चढलो. मी त्याला हाक मारली नाही. मारायला वेळ पुष्कळ होता, तो काही पळत जात नव्हता.

वर फलाटाचं काम अर्धवट होतं. विटांच्या ढिगामागं मी बसलो. तिथून तीन नंबर सरळ खाली दिसायची, ताटातल्या वाटीसारखी. हिरू आप्पासमोर जाऊन उभा राहिला. आप्पा हात उडवत काहीतरी विचारत होता, हिरू उत्तर देत होता, शब्द वरपर्यंत येत नव्हते. मग आप्पानं त्याला आपादमस्तक बघितलं, दंड चाचपला आणि मान हलवली. त्याच्या कमरेला दोर बांधला. पंप लावून विहिरीतलं पाणी उपसलेलं होतं. हिरू बादलीत उभा राहिला, हातात पहार आणि करवत. करवत का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटलं, हातात हत्यार देऊन फसवतात, माणूस बिथरू नये म्हणून. विंच कुरकुरली आणि त्याचं डोकं काठाखाली गेलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पंपाची भकभक चालू होती. गावातून कुणाच्या तरी उखळाचा आवाज येत होता. खाली माझं घर दिसत होतं, परस, तुळस, आणि परसात उभी राहिलेली आईस. ती पुलाकडं बघत होती. तिच्या लेखी मी विहिरीत होतो. मी हात हलवला असता तर तिला दिसलं असतं. हलवला नाही, कारण हलवला तर आप्पालाही दिसलो असतो. माझ्या आईससाठी तेवढा वेळ मी मेलेलाच राहिलो.

आणि मग खालून आवाज आला. धप्प नव्हे. आधी लाकूड मोडल्यासारखा, मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. वाळूची पोती एका अंगाला कलंडली, भोवतालचं पाणी उसळलं, आणि सगळे मजूर एका दमात ओरडले, “बसली, बसली.” विहीर दीड-दोन हात खाली गेली होती. मी बसल्या जागी ओला झालो. हे लिहायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली आहेत, तेव्हा ते ठेवावं, खोडू नये.

मी उतरलो कसा ते आठवत नाही. गुडघे सोललेले होते, त्यावरून घसरत आलो असणार. माणसांचं कडं होतं. ते मी कोपरांनी फोडून आत गेलो. मध्ये हिरू बसला होता. अंगाला चिखल इतका, की फक्त डोळे आणि दात दिसत होते, आणि हातात पितळी पेला. चहा पीत होता. शेजारी जुनं काळं लाकूड पडलं होतं, माणसाएवढं लांब, करवतीनं दोन ठिकाणी कापलेलं. आमच्या वाडवडिलांनी जुन्या बांधाला बसवलेल्या पाण्याच्या दाराचा तो खांब होता. विहिरीची धार त्याच्यावर अडली होती. चिखलात हात घालून तो चाचपून शोधणारा आणि धारेखालच्या फटीत शिरून कापणारा बारीक माणूस हवा होता. कापून झाल्यावर, मी वरून घराकडं बघत होतो तेव्हाच, त्याला बादलीतून वर काढला, मग वजन दिलं, मग ती बसली. एवढंच. उपाशी यायला सांगितलं होतं ते आत वाकून काम करताना पोट ढवळतं म्हणून. आंघोळ, कारण काठावर पूजा मांडलेली होती.

आप्पाला मी दिसलो. “काय रं, पोट थांबलं का?” तो बोलला. “तुला बोलावलं, तू ह्याला धाडलं. बरं झालं. तुझ्यापरास हुशार निघाला.”

हे सगळ्यांसमोर. हिरूसमोर. मी हिरूकडं बघितलं नाही. त्यानं पेला खाली ठेवला आणि हात पुढं केला. “कोयता आन.” मी दिला. घरी गेलो तेव्हा आईसनं मला एक मुस्काटात मारली आणि मग रडायला बसली. कोण उतरला ते तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी हिरू आला तेव्हा तिनं त्याला ओटीवर बोलावून पाटावर बसवला आणि ताट वाढलं. तो आधी ताटाकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला, पण जेवला. बिरडं दोनदा मागून घेतलं.

आप्पानं हिरूला आपल्याबरोबर पुढच्या पुलांवर नेला, पार रोह्यापर्यंत. लाइन सुरू झाल्यावर तो रेल्वेत गँगमनला लागला, कायम. क्वार्टर आमच्याच स्टेशनाखाली मिळालं. मी तेव्हा काम सोडलं ते सोडलं. पुढं स्टेशनाच्या पायऱ्यांखाली चहाची टपरी टाकली. टपरीमागून वडापाववाला आला, मग सायकलींचं स्टँड, मग कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांसाठी खोल्या, अशी त्या भरावाच्या सावलीत एक अख्खी वस्ती झाली. हिरू रोज ड्यूटी संपली की टपरीवर यायचा, चहा घ्यायचा, गिऱ्हाइकांची टर उडवायचा. इतकी वर्षं. आणि रोज तो पायऱ्या उतरताना दिसला की मला भीती वाटायची, की आज बोलेल. आज चार माणसांत बोलेल, की ह्या दामूनं मला काय करायला पाठवलं होतं. गाडीखाली सापडायची भीती, सापाची, नागोठण्याला पूर येतो त्याची, सगळ्या भीती माझ्या वयाबरोबर कमी झाल्या. ही झाली नाही. तो बोलला नाही.

तो रिटायर झाल्यावर एका दुपारी आम्ही दोघं वर फलाटावर बाकावर बसलो होतो. रोह्याची गाडी जायची होती. मी बोलून गेलो. म्हटलं, हिऱ्या, त्या दिवशी मला वाटलं होतं की खरंच टाकतात. विहिरीत. बळी. म्हणून तुला पाठवला.

तो रुळाकडं बघत होता. “ठावं हाय,” बोलला. “तुझ्या कपाळाला अंगारा व्हता. आंघोळ केलेली. उपाशी बोललास. आमच्या वाडीवर पण तीच बोली चालली व्हती, की पुलाला माणूस टाकणार, आनि टाकणार तो आमच्यातलाच. गावाचा कशाला टाकतील? तू सांगितलंस तवा वाटला, चला, नाव निघाला.”

“आणि आप्पानं सांगितलं असेल की बोलावणं दामूला होतं.”

“सांगितला ना. पयलाच बोलला तो, तू का आयलास, दामू कुठं हाय.”

मी विचारलं, “मग तेव्हा तरी परत फिरायचास. उतरलास का?”

हिरूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. “मी पन दुसऱ्या कुनाला धाडनार व्हतो रे,” तो बोलला. “उतारापास्नं पुलापर्यंत बघत बघत गेलो. वाटंत कुनी भेटलाच नाय.”

आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तो काही थांबेना. मी त्याच्या जवळ सरकलो आणि त्याची पाठ चोळत राहिलो.